मृतांची मोजदाद कोणासाठी?

आपल्या देशात दरवर्षी किती माणसे दुसऱ्याच्या हातून मारली जातात आणि किती माणसे आपल्याच हाताने आयुष्य संपवितात, याचा हिशेब सरकार ठेवते आणि तो छापूनही काढते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले आणि १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. दोन्ही मिळून आकडा दोन लाखांच्या घरात जातो. २०२३ साली आत्महत्यांची संख्या १,७१,४१८ झाली, म्हणजे परिस्थितीत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. असा अहवाल प्रसिद्ध झाला की एक दिवस त्याची चर्चा होते, विधिमंडळात तारांकित प्रश्न विचारला जातो, त्याला छापील उत्तर मिळते, आणि पुढचा अहवाल येईपर्यंत सर्वत्र सामसूम होते. गेली कित्येक वर्षे हाच क्रम अखंड चालू आहे.

आज हा विषय आम्ही पहिल्या पानावर घेत आहोत, तो आणखी एकवार हळहळ व्यक्त करण्यासाठी नव्हे. हळहळ पुष्कळ झाली. आमचा प्रश्न अगदी साधा आहे. ही मोजदाद होते ती कोणासाठी? ज्याच्या हाती निर्णय आहे त्या मंत्र्याला, जिल्हाधिकाऱ्याला, महापालिकेच्या आयुक्ताला ती वाचून उद्या सकाळी वेगळे काही करावेसे वाटेल, अशा रीतीने ती त्याच्यापुढे जाते काय? जात नसेल तर दोष वाचणाऱ्याचा जितका, तितकाच मांडणाऱ्याचाही आहे, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

ज्यांनी कधी वर्गावर शिकविले आहे त्यांना हजेरीपटाचे मर्म ठाऊक असते. बेचाळीसपैकी अडतीस मुले हजर, एवढे वहीत लिहिण्यासाठी कोणी हजेरी घेत नाही. न आलेली चार मुले कोणती, ती लागोपाठ सोमवारीच का येत नाहीत, त्यांच्या गावची वाट नाल्याच्या पुराने बंद झाली आहे की काय, हे कळावे आणि त्यावर काही करता यावे, म्हणून हजेरी असते. केवळ बेरजेपुरती घेतलेली हजेरी हा निव्वळ उपचार होय. आपल्या देशातील हिंसक मृत्यूंची नोंद आज बहुतांशी अशा उपचाराच्या पायरीवर उभी आहे.

प्रथम ही नोंद होते कशी, ते पाहू. कोणाचाही अनैसर्गिक मृत्यू झाला की पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि मरणोत्तर पंचनामा केला जातो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमान्वये होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमान्वये होतो. त्यानंतर प्रेत शवविच्छेदनासाठी सरकारी रुग्णालयात जाते. विषबाधेचा संशय असला तर डॉक्टर मृत्यूचे कारण राखून ठेवतात व व्हिसेरा न्यायसहायक प्रयोगशाळेकडे रवाना होतो. तिकडे १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्ममृत्यूच्या निबंधकाकडे मृत्यूची वेगळी नोंद होते. एका माणसाच्या मरणाचे असे तीन कागद तयार होतात आणि ते तीन खात्यांच्या तीन कपाटांत जाऊन पडतात. पोलिसांच्या कागदावर घटनेचे ठिकाण आणि वेळ असते, डॉक्टरांच्या कागदावर जखमेचे वा विषाचे स्वरूप असते, निबंधकाच्या कागदावर वय आणि पत्ता असतो. हे तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचे काम कोणाचे, याचे उत्तर कोणत्याही खात्याजवळ नाही. मुंबई शहरात १८७१ च्या कायद्यान्वये कॉरोनरचे पद होते आणि अशा मृत्यूंची चौकशी त्याच्याकडे चाले. १९९९ साली ते पद रद्द झाले. जुन्या पद्धतीत दोष होते व विलंबही होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु अकस्मात मृत्यूकडे सलग दृष्टीने पाहणारे एक आसन त्यामुळे शहरातून नाहीसे झाले, हेही तितकेच खरे आहे.

आता या कागदांतून जो आकडा निघतो तो राज्यकर्त्यांपुढे कसा येतो, ते पाहावे. २०२२ साली आत्महत्यांच्या संख्येत महाराष्ट्र २२,७४६ या आकड्यासह देशात पहिला होता. ही बातमी होते, विरोधी पक्ष सरकारला धारेवर धरतो, आणि महाराष्ट्र हे मोठ्या लोकसंख्येचे राज्य असल्याचे उत्तर सरकारकडून येते. उत्तर खोटे नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर महाराष्ट्रात लाखामागे १८.१ आत्महत्या होत्या, देशाची सरासरी १२.४ होती, केरळात हेच प्रमाण २८.५ होते आणि सिक्कीममध्ये ४३.१ होते. पण सिक्कीमची लोकसंख्याच इतकी थोडी आहे की, तेथील मृत्यू तीनशेच्याही आत होते. पाचपन्नास इकडे तिकडे झाले की प्रमाण झपाट्याने बदलते. नुसती संख्या सांगितली तर मोठे राज्य बदनाम होते, नुसते प्रमाण सांगितले तर लहान राज्य. दोन्ही एका ओळीत ठेवून, जोडीला मागील पाच वर्षांचा ओघ दाखविल्याखेरीज तुलनेला अर्थ येत नाही.

याहून गंभीर अशी आणखी एक गोष्ट आहे. त्याच वर्षी बिहारमधील प्रमाण लाखामागे अवघे ०.६ दाखविले गेले. केरळातील माणूस बिहारमधील माणसापेक्षा जवळजवळ पन्नासपट निराश असतो, यावर कोणी शहाणा मनुष्य विश्वास ठेवील काय? या तफावतीचा मोठा भाग जगण्यातील फरकाचा नसून नोंदीतील फरकाचा आहे, असेच मानावे लागते. जो प्रामाणिकपणे मोजतो त्याचा आकडा फुगतो आणि जो मोजतच नाही त्याला शाबासकी मिळते. आकडा क्रमवारीच्या रूपाने मांडला की नोंद न करण्यालाच बक्षीस दिल्यासारखे होते, ही गोष्ट धोरण ठरविणाऱ्यांपुढे आकडे नेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवली पाहिजे.

हा केवळ तर्क नाही. भारतातील मृत्यूंची घरोघरी जाऊन विचारपूस करणाऱ्या एका मोठ्या अभ्यासाने २०१० या वर्षातील आत्महत्यांचा अंदाज सुमारे १,८७,००० असा काढला. त्याच वर्षी पोलिसांच्या हिशेबातील आकडा १,३४,५९९ होता. जळून झालेल्या मृत्यूंविषयी तर अंतर याहूनही भयंकर आहे. २००१ सालातील अशा मृत्यूंचा अंदाज अभ्यासकांनी १,६३,००० च्या आसपास केला. तो पोलिसी आकड्याच्या सहापट होता आणि त्यांत १५ ते ३४ वयाच्या स्त्रियांची संख्या फार मोठी होती. लग्नाला चार वर्षेही न झालेली एखादी मुलगी स्वयंपाकघरात भाजून मरते, तेव्हा स्टोव्हचा भडका उडाला असे कागदावर लिहिले जाते. तो अपघात होता, आत्मघात होता की घात होता, हे ज्या रकान्यावर अवलंबून आहे तो रकाना घाईघाईने भरला जातो, आणि पुढे त्याच रकान्यांच्या बेरजेवर राज्याचे धोरण उभारावयाचे असते.

कारणांच्या रकान्याची कथाही अशीच आहे. २०२२ च्या अहवालात ३१.७ टक्के आत्महत्यांचे कारण ‘कौटुंबिक समस्या’ आणि १८.४ टक्क्यांचे कारण ‘आजारपण’ असे दिले आहे. म्हणजे निम्मे मृत्यू या दोन शब्दांत मावले! कौटुंबिक समस्या या शब्दांत नवऱ्याची मारहाण येते, मुलीच्या लग्नाचे कर्ज येते, दारू येते, वाटणीचा दावा येतो आणि म्हातारपणची उपेक्षाही येते. या शब्दांचे मंत्र्याने करावयाचे तरी काय? कुटुंब नावाचे खाते मंत्रालयात नाही आणि ‘समस्या’ नावाचा लेखाशीर्ष अंदाजपत्रकात नाही. दुःखाने भांबावलेल्या नातेवाइकाला पंचनाम्याच्या वेळी विचारलेल्या एका प्रश्नाचे ते एका शब्दातील उत्तर आहे. माणूस एका कारणाने मरत नाही, हे समजण्यासाठी मानसशास्त्राच्या पदवीची गरज नाही. तरीही आपला तक्ता एका मृत्यूला एकच कारण देतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या प्रश्नाचा सर्वांत जिव्हारी लागणारा भाग शेतकऱ्यांच्या मृत्यूंचा आहे. २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी आत्महत्या केल्या आणि त्यांपैकी ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातील होत्या. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांची नावे अवघ्या देशाला ज्या कारणाने पाठ झाली, ते कारण अभिमानाचे नाही. येथे नोंद होत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत कागद जातो, समिती बसते, चौकशी होते. परंतु ती समिती विचारते काय? राज्य सरकारने २००६ साली मृताच्या कुटुंबाला १ लाख रुपये देण्याचे ठरविले, आणि मदत कोणाला द्यावी हे ठरविण्यासाठी शेती नापिकी, बँकेचे अथवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि परतफेडीचा तगादा अशा कसोट्या घातल्या. प्रत्येक मृत्यू त्यांवर घासून ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरविला जाऊ लागला. भूमिहीन मजूर, तोंडी कराराने दुसऱ्याचे शेत कसणारा, विनापरवाना सावकाराच्या दारी गेलेला, हे सगळे या चाळणीतून खाली पडतात.

मदत अवश्य द्यावी. ती देताना कसोटी लागते, हेही आम्ही समजू शकतो. आमची तक्रार निराळी आहे. ज्या वहीचा उपयोग पैसे कोणाला द्यावयाचे एवढे ठरविण्यासाठी केला, तीच वही पुढे रोगाचे निदान म्हणून वाचली जाते. ‘अपात्र’ मृत्यूंची संख्या वाढली की शेतीचे दुःख कमी झाले, असा अर्थ काढण्यास मोकळीक मिळते. वस्तुतः त्या वहीत ज्या प्रश्नाला जागाच नाही तोच खरा प्रश्न आहे: हा मृत्यू कोणत्या ठिकाणी, कोणाला, कशाने अडविता आला असता? मृत्यूपूर्वीच्या महिन्यात तो माणूस कोठे कोठे गेला होता? बँकेत गेला होता काय, कृषी सेवा केंद्रात गेला होता काय, प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला होता काय? विष पोटात गेल्यावर पहिल्या दवाखान्यात पोहोचण्यास त्याला किती तास लागले आणि तेथे उपचाराची सामग्री होती काय? यांतील प्रत्येक प्रश्नाच्या मागे एक खाते आहे, एक अधिकारी आहे, एक निर्णय आहे. म्हणूनच हे प्रश्न धोरणाचे आहेत.

जगात हे कोठे झाले आहे काय, असे कोणी विचारील. झाले आहे, आणि श्रीमंत देशांतच झाले आहे असेही नाही. क्रिमियाच्या युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ साली इंग्रज सैन्यातील मृत्यूंचा जो रंगीत तक्ता मंत्र्यांपुढे ठेवला, त्याचे उदाहरण अद्यापि शिळे झालेले नाही. तिने मृत्यूंचे तीन रंग केले. तांबडा जखमांचा, काळा इतर कारणांचा आणि निळा टाळता येण्याजोग्या रोगांचा. तक्त्यात निळा रंग इतरांना गिळून बसला होता. शत्रूच्या गोळीपेक्षा आपल्याच रुग्णालयांतील घाण अधिक सैनिक मारते, हे सांगण्यास तिला व्याख्यानाची गरज उरली नाही. तिचे खरे चातुर्य रंग निवडण्यात नव्हते. ‘टाळता येण्याजोगे’ असा एक वर्गच तिने निर्माण केला, आणि तो वर्ग पाहणाऱ्या मंत्र्याला मग ते का टाळले नाहीत, या प्रश्नापासून पळता येईना.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात काली नावाचे शहर आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे खुनांचा कहर झाला होता आणि हे सारे अफूकोकेनच्या टोळ्यांचे काम, त्यापुढे महापालिका काय करणार, अशी सर्वांची समजूत होती. १९९२ साली रॉड्रिगो गेरेरो हे रोगप्रसारशास्त्र शिकलेले डॉक्टर महापौर झाले. त्यांनी पोलीस, न्यायवैद्यक आणि सरकारी वकील यांना दर आठवड्याला एकत्र बसवून त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून घ्यावयास लावले. तेव्हा असे दिसले की, खून शनिवार-रविवारी, सुटीच्या दिवशी आणि पगाराच्या दिवसानंतर रात्री दाटतात, मृतांपैकी पुष्कळांच्या पोटात दारू असते आणि बहुतेकांचा जीव बंदुकीने गेलेला असतो. टोळ्या मोडणे महापौराच्या हाती नव्हते. पण दारूच्या दुकानांची वेळ आणि ठराविक दिवशी बंदूक बाळगून हिंडण्याची मनाई या गोष्टी कायद्याच्या आवाक्यात होत्या. पुढे झालेल्या अभ्यासात बंदूकबंदीच्या दिवशी खुनांचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. शहरातील खून त्यामुळे थांबले नाहीत. परंतु आपण काहीच करू शकत नाही ही सबब मात्र थांबली. आकड्यांनी हेच काम करावयाचे असते.

वेल्समधील कार्डिफ शहरी जोनाथन शेफर्ड या शल्यचिकित्सकाला दिसले की, मारामारीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्या कितीतरी माणसांची पोलिसांत नोंदच नसते. रुग्णालयाच्या खिडकीवरील कारकुनाने प्रत्येक जखमीला हल्ला कोठे झाला, केव्हा झाला आणि कशाने झाला एवढे विचारावे, आणि नावगाव काढून टाकून ती माहिती पोलिसांना व नगरपालिकेला नियमाने द्यावी, अशी पद्धत तेथे सुरू झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे, तशाच इतर शहरांच्या तुलनेत कार्डिफमध्ये हल्ल्यात जखमी होऊन दाखल होणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी झाले. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या दारूगुत्त्याबाहेर, किती वाजता, इतके बारीक बोट ठेवल्यावरच गस्त कोठे घालावी ते समजते.

अमेरिकेने २००२ साली हिंसक मृत्यूंच्या नोंदीची राष्ट्रीय व्यवस्था सहा राज्यांपासून आरंभिली आणि २०१८ पर्यंत ती पन्नासही राज्यांत पोहोचविली. मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल आणि पोलिसांचा तपास हे तिन्ही कागद तेथे नाव वगळून एका नोंदीत गुंफले जातात. आपल्याकडे जे तीन कपाटांत पडून असते तेच हे. त्या देशात बंदुकीचे मृत्यू कमी झालेले नाहीत, तेव्हा नुसती नोंद म्हणजे उपाय नव्हे, हा धडाही तेथूनच घ्यावा. परंतु ओरेगॉन राज्याने वृद्धांच्या आत्महत्यांचे कागद असे एकत्र वाचले तेव्हा, मृतांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक मरणापूर्वीच्या महिन्याभरात आपल्या डॉक्टरला भेटून आले होते, असे आढळले. हे कळल्यावर राज्याच्या योजनेत नेहमीच्या डॉक्टरांना नैराश्य ओळखण्यास शिकविण्याचे कलम आले.

आम्हांला सर्वांत जवळचे उदाहरण श्रीलंकेचे वाटते. १९९५ साली तेथे लाखामागे ४७ माणसे आत्महत्या करीत होती. बहुतेक मृत्यू कीटकनाशकांनी होत होते. गरिबी हटेल तेव्हा हे थांबेल, असे म्हणून तो देश स्वस्थ बसला असता तर कोणी त्याला दोष दिला नसता. पण तेथील वैद्यांनी रुग्णालयांची नोंद तपासून, कोणत्या औषधाने बाधा झालेले किती रोगी दगावतात आणि कोणत्या औषधाचे किती वाचतात, असा सरळ प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर ज्याच्या सहीने औषधाला परवाना मिळतो त्या कीटकनाशक निबंधकापुढे ठेवले. १९९५ साली अतिविषारी वर्गातील उरलीसुरली औषधे बंद झाली, १९९८ साली एंडोसल्फान बंद झाले, पुढे आणखी काही झाली. २०१५ पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. वीस वर्षांत सुमारे ९३,००० जीव वाचल्याचा अंदाज आहे. भाताचे उत्पादन घटल्याचे दिसले नाही. दुःख नाहीसे झाले नव्हते. दुःखाच्या एका क्षणाला प्राण घेण्याचे जे बळ मिळत होते ते काढून घेतले गेले. त्या क्षणातून वाचलेला माणूस पुढे जगतो, असे तेथील अनुभव सांगतो.

या साऱ्या उदाहरणांतून मांडणीचे जे नियम निघतात ते गहन नाहीत. राज्यकर्त्यापुढे तीनशे पानांचा ग्रंथ नेऊ नये. एक पान न्यावे आणि ग्रंथ मागे आधाराला ठेवावा. त्या पानाच्या माथ्यावर एकच प्रश्न असावा, आणि तो ज्याला विचारला आहे त्याच्या अधिकारातील असावा. कृषिमंत्र्याला औषधाच्या परवान्याविषयी विचारावे, आरोग्यमंत्र्याला तालुक्याच्या रुग्णालयाविषयी, गृहमंत्र्याला रात्रीच्या गस्तीविषयी. सर्वांना सर्व विचारले की कोणीच उत्तर देत नाही. आकडा संख्येत आणि प्रमाणात असा दोन्ही रीतींनी द्यावा व मागील वर्षांशी त्याची तुलना असावी. ठिकाण आणि वेळ सांगणारा एक नकाशा असावा. जे निश्चित आहे ते निश्चित म्हणून आणि जो अंदाज आहे तो अंदाज म्हणून सांगावा. कारण फुगविलेला एक आकडा उघडा पडला की पुढील दहा खरे आकडेही फेटाळले जातात. मृताचे नाव, गाव अथवा ओळख पटेल असा तपशील त्यात कदापि असू नये. आणि पानाच्या तळाशी काय करावे, कोणी करावे, केव्हापर्यंत करावे आणि त्याचा परिणाम कोणत्या आकड्यावरून ओळखावा, हे चार ओळींत लिहिलेले असावे.

शिवाय ते पान वेळेवर यावे. २०२३ सालचा राष्ट्रीय अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा २०२५ चा सप्टेंबर संपत आला होता. २०१६ चा हिशेब तर २०१९ च्या नोव्हेंबरात आला होता. कापूस वेचून, विकून, त्याचे देणे फिटून अथवा न फिटून पुढचे दोन हंगाम उलटल्यावर त्या हंगामातील मृत्यूंची बेरीज कळणार असेल, तर त्या माहितीचा उपयोग इतिहासकाराला होईल, जिल्हाधिकाऱ्याला होणार नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो प्रकार येथे स्थळाऐवजी काळाच्या बाबतीत घडतो.

या सूचनेवर दोन आक्षेप येतील. माणसाच्या मरणाचे तक्ते करणे हे हृदयशून्य आहे, असे काहीजण म्हणतील. आम्हांस उलट वाटते. एका मृत्यूची करुण कहाणी वाचून डोळे पाणावतात आणि दुसऱ्या दिवशी कोरडे होतात. चारशे मृत्यूंतील साम्य ज्याने शोधले तो चारशे एकावा मृत्यू टाळण्याच्या वाटेवर असतो. तक्ता आणि कहाणी यांचे वैर नाही. मंत्र्याला तक्ता द्यावा आणि त्यातील प्रत्येक एकक हा कोणाचा तरी बाप किंवा कोणाची तरी लेक होती, याची जाणीवही द्यावी. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. आकडे इतके उघडे केले तर प्रत्येक ठाणेदाराला आणि तहसीलदाराला ते आपल्यावरील आरोपपत्रच वाटेल. ही भीती खोटी नाही. ज्या दिवशी या नोंदीवरून कोणाची बदली होईल त्या दिवसापासून नोंदच बंद होईल. म्हणून ही नोंद तपासापासून व शिस्तभंगाच्या कारवाईपासून स्पष्टपणे वेगळी ठेवली पाहिजे. जास्त मृत्यू नोंदले म्हणून कोणाला जाब विचारू नये. नोंद अपुरी ठेवली आणि सुचविलेला उपाय केला नाही, तर जरूर विचारावा.

महाराष्ट्र सरकारला आमचे सांगणे एवढेच आहे की, अवघ्या राज्याचा प्रचंड आराखडा करण्यात आणखी पाच वर्षे घालवू नयेत. एक जिल्हा घ्यावा. तो विदर्भातील असावा, कारण वेदना तेथे जुनी आहे. पोलीस, शासकीय रुग्णालय आणि जन्ममृत्यू निबंधक यांचे तिन्ही कागद, नाव वगळून, दर महिन्याला एका टेबलावर आणण्याचे काम एका अधिकाऱ्याकडे सोपवावे. ‘पात्र-अपात्र’ची वही मदतीपुरती तशीच चालू द्यावी, पण तिच्याशेजारी दुसरी वही उघडावी आणि तीत भूमिहीनाचा, बटाईदाराचा आणि शेतकरणीचाही मृत्यू त्याच तपशिलाने लिहावा. दर तीन महिन्यांनी एक पान पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीपुढे यावे, आणि मागील पानावर सुचविलेल्या गोष्टीचे काय झाले, हा त्या बैठकीतील पहिला विषय असावा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये आत्महत्या-प्रतिबंधाचे राष्ट्रीय धोरण जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते उद्दिष्ट दिल्लीच्या कागदावर साध्य व्हावयाचे नाही. साध्य झाले तर अशाच एखाद्या जिल्ह्याच्या टेबलावर होईल.

यासाठी लागणारा खर्च एखाद्या पुलाच्या पायाभरणी समारंभाहून अधिक नाही. कागद आजही लिहिले जातच आहेत. पंचनामा करणारा शिपाई, शवविच्छेदन करणारा तालुक्याचा डॉक्टर, नोंदवही भरणारा ग्रामसेवक हे सर्व आपापले काम रोज करीत आहेत. त्यांनी लिहिलेल्या ओळी एकमेकींना भेटत नाहीत आणि निर्णय घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येत नाहीत, एवढीच उणीव आहे. मेलेल्या माणसाला राज्याने परत आणता येत नाही. पण त्याच्या मरणाने जे सांगितले ते ऐकून घेण्याचे कर्तव्य राज्याला टाळता येणार नाही, आणि ते ऐकू येईल अशा शब्दांत पोहोचविण्याचे कर्तव्य आकडे बाळगणाऱ्यांनाही टाळता येणार नाही. पुढील खरिपाचे कर्जवाटप सुरू होण्यापूर्वी असे पहिले पान एखाद्या तरी जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर असावे, अशी आमची मागणी आहे.